एका फ्रेमसाठी

५ जून १९८९. बीजिंगच्या चांगआन मार्गावरून रणगाड्यांची रांग येत होती आणि पांढरा शर्ट घातलेला, दोन्ही हातांत पिशव्या असलेला एक माणूस तिच्या वाटेत जाऊन उभा राहिला. पुढच्या रणगाड्याने त्याला टाळून जायचा प्रयत्न केला की तोही त्याच बाजूला सरकायचा. बीजिंग हॉटेलच्या सज्जांतून मोजके परदेशी पत्रकार हे पाहत होते. तो माणूस कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे जगाला आजही ठाऊक नाही. त्याचा फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला आहे.

फोटो काढणं हा त्या दिवशीच्या कामाचा सोपा भाग होता. अवघड होतं तो बाहेर पाठवणं. असोसिएटेड प्रेसच्या जेफ वाइडनरने आपला रोल एका अमेरिकन विद्यार्थ्याच्या हाती सोपवला आणि त्या मुलाने तो अंतर्वस्त्रात लपवून एजन्सीच्या कचेरीत पोचवला. चार्ली कोल या दुसऱ्या छायाचित्रकाराने रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून हॉटेलच्या संडासातल्या पाण्याच्या टाकीत दडवला. झडतीला आलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना तो सापडला नाही.

सीएनएनची अडचण आणखी निराळी होती. त्यांच्याकडे रणगाड्यांसमोरच्या माणसाचं हलतं चित्रण व्हिडिओ टेपवर होतं, पण चिनी सरकारने २० मे रोजीच त्यांचं उपग्रह प्रक्षेपण बंद पाडलं होतं. खोलीत टेलिफोन मात्र चालू होता. या टेलिफोनला जोडायचं सोनी कंपनीचं एक प्रायोगिक यंत्र त्यांच्याजवळ होतं. हे यंत्र व्हिडिओतली एकच फ्रेम उचलायचं, ती साठवायचं आणि फोनच्या तारेवरून हळूहळू पलीकडे पाठवायचं. एकेका फ्रेमला जवळपास तासभर लागत होता. अशा मोजक्या फ्रेम आधी गेल्या. मूळ टेप हाँगकाँगला निघालेल्या एका पर्यटकाच्या हाती विमानतळावर देण्यात आली. हलतं दृश्य लोकांना दिसलं ते त्यानंतर.

सेकंदाला २५ किंवा ३० चित्रं सहज दाखवणाऱ्या माध्यमातून एक चित्र बाहेर काढायला एवढा खटाटोप का पडावा? याचं उत्तर व्हिडिओच्या घडणीतच आहे.

सिनेमाची फिल्म हातात घेऊन उजेडासमोर धरली की तिच्यावर चित्रांची माळ दिसते. हवी ती फ्रेम कात्रीने कापून घेता येते. टीव्हीच्या तारेत असं काहीच नसतं. तिथे कोणत्याही क्षणी फक्त एका बिंदूचा उजेड-अंधार विद्युतदाबाच्या रूपात वाहत असतो. भारतात आणि युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी एकामागून एक पाठवल्या जायच्या आणि एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळायचे. त्यातही आधी विषम ओळी आणि मग सम ओळी असा क्रम असे. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. अशी ५० फील्ड आणि म्हणून २५ फ्रेम दर सेकंदाला. अमेरिकेत आणि जपानमध्ये ओळी ५२५ आणि फील्ड ६०. पडद्याच्या आतल्या लेपाची क्षणभर टिकणारी चकाकी आणि पाहणाऱ्याची नजर या दोघी मिळून या ठिपक्यांचं चित्र करत. चित्र तारेत कधीच पूर्ण नसायचं. ते थांबवायचं तर त्याचे सगळे ठिपके आधी कुठेतरी धरून ठेवायला हवेत. टीव्ही आल्यानंतर तीस-पस्तीस वर्षं अभियंते झगडले ते या धरून ठेवण्याच्या जागेसाठी.

सर्वांत पहिली आणि स्वस्त जागा होती फोटोची फिल्म. टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावायचा आणि बटण दाबायचं. हौशी छायाचित्रकारांना यातली मेख लवकरच कळली. शटर फार वेगाने उघडलं-मिटलं तर फोटोत अर्धाच पडदा उजळलेला येतो आणि मधून काळा पट्टा जातो, कारण तेवढ्या वेळात सगळ्या ओळी रंगवून झालेल्याच नसतात. अमेरिकेतल्या टीव्ही कंपन्यांनी चाळिशीच्या दशकात याच कल्पनेवर पडद्याचं सलग चित्रीकरण करणारे खास सिने-कॅमेरे बनवून घेतले होते.

अंतराळ संशोधनातही सुरुवातीला हाच मार्ग होता. ३१ जुलै १९६४ रोजी नासाचं रेंजर ७ हे यान चंद्रावर आदळलं. आदळण्यापूर्वीच्या सुमारे १७ मिनिटांत त्याच्या सहा टीव्ही कॅमेऱ्यांनी ४,३०० हून अधिक चित्रं पाठवली. पृथ्वीवर ती टेपवर घेतली गेली आणि पडद्यावर उमटवून फिल्मवरही टिपली गेली. चंद्राचे इतक्या जवळचे फोटो माणसाने त्याआधी पाहिले नव्हते आणि ते सगळे टीव्हीच्या संदेशातून निघालेले होते.

वर्षभराने मरिनर ४ मंगळाजवळून गेलं, तेव्हा गोष्ट आणखी पुढे सरकली. या यानाचा टीव्ही कॅमेरा एक चित्र २०० ओळींत टिपायचा, प्रत्येक ओळीत २०० बिंदू, आणि प्रत्येक बिंदूची उजळी ६ बिटांच्या आकड्यात. म्हणजे एका चित्राला २ लाख ४० हजार बिट. यानावर टेप रेकॉर्डर होता, तिथे ते साठवले जात. मग सेकंदाला ८ बिटांहून थोड्याच अधिक वेगाने ते पृथ्वीकडे रवाना होत. एका चित्राला आठ तास लागायचे.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत रिचर्ड ग्रम हा अभियंता अस्वस्थ होता. टेप रेकॉर्डरने नीट काम केलं आहे की नाही, याची त्याला खात्री हवी होती आणि संगणकाकडून रीतसर प्रतिमा तयार होऊन येईपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. आकडे मात्र कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर छापून येत होते. त्याने आणि सहकाऱ्यांनी त्या पट्ट्या एका फळीवर शेजारी शेजारी टाचल्या, रंगीत खडू आणवले, कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवलं आणि हाताने रंगवायला सुरुवात केली. तपकिरी, तांबूस, पिवळ्या छटांमधून मंगळाची कड फळीवर उमटू लागली. दुसऱ्या ग्रहाजवळून आलेल्या पहिल्या टीव्ही चित्राची पहिली प्रत माणसांनी खडूने रंगवली होती. पुढे ती चौकटीत बसवून संस्थेचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट देण्यात आली.

आठ तासांत येणाऱ्या चित्राला खडू पुरले. सेकंदाला ३० फ्रेम धावणाऱ्या प्रक्षेपणात ते शक्य नव्हतं, आणि नेमकी तिथेच थांबलेल्या चित्राची भूक वाढत होती. ही भूक खेळांनी लावली.

अँपेक्स कंपनीने १९५६ साली टीव्ही कार्यक्रम टेपवर घेणारं पहिलं यशस्वी यंत्र बाजारात आणलं. दोन इंच रुंदीची टेप, आणि तिला आडवी छेदत मिनिटाला १४,४०० फेरे घेणारं, टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चार हेडचं चाक. चित्र उत्तम यायचं, पण ते थांबवता येत नसे. एका फील्डचे सोळा तुकडे होऊन टेपवरच्या सोळा आडव्या पट्ट्यांत विखुरलेले असत. टेप थांबवली की हेडखाली त्यातला एकच तुकडा उरायचा आणि पडद्यावरचं चित्र नाहीसं व्हायचं.

तरीही याच यंत्रावर पहिला गाजलेला ॲक्शन रिप्ले झाला. ७ डिसेंबर १९६३ रोजी फिलाडेल्फियात अमेरिकी भूदल आणि नौदल यांच्या संघांमधला फुटबॉल सामना होता. सीबीएस वाहिनीचा दिग्दर्शक टोनी व्हर्ना सहाशे किलोंच्या आसपास वजनाचं टेप-यंत्र मैदानावर घेऊन आला. नेमकी जागा सापडावी म्हणून त्याने टेपच्या आवाजाच्या पट्टीवर खुणेचे बीप टाकले होते. दिवसभर प्रयत्न फसत राहिले. अखेर भूदलाच्या रोली स्टिचवेने केलेला टचडाउन मूळ वेगातच, पण दुसऱ्यांदा पडद्यावर आला. समालोचक लिंडसे नेल्सन यांना प्रेक्षकांना घाईघाईने बजावावं लागलं की हे थेट नाही, भूदलाने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत.

परत दाखवणं जमलं होतं. थांबवणं जमलं ते टेप सोडून दिल्यावर. अँपेक्सच्या १९६७ सालच्या एचएस-१०० या यंत्रात टेपऐवजी धातूचा चुंबकीय मुलामा दिलेल्या तबकड्या होत्या. अमेरिकेतल्या यंत्रात त्या सेकंदाला ६० फेरे घेत. हा आकडा मुद्दाम निवडलेला होता. एका फेऱ्यात एक फील्ड, एका वर्तुळाकार मार्गावर एक फील्ड. साठवण अवघी ३० सेकंदांची. पण हेड एका मार्गावर तसंच ठेवलं की दर फेऱ्याला तेच फील्ड पुन्हा वाचलं जायचं. ग्रामोफोनची पिन एका खाचेत अडकून तोच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू यावा, तसाच हा प्रकार, फक्त इथे पिन मुद्दाम अडकवलेली. पडद्यावर चित्र गोठल्यासारखं दिसे आणि आत तबकडी गरगर फिरत असे. हेड एकेका मार्गावर थोडं रेंगाळत पुढे नेलं की झाला स्लो मोशन.

त्याच वर्षी मार्चमध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल इथल्या स्कीइंग स्पर्धेच्या चित्रणात एबीसी वाहिनीने हे यंत्र वापरलं. उतारावरून सुसाट येणारा खेळाडू वळणावर हवेत थांबला, मग सावकाश पुढे सरकला. खेळ पाहण्याची सवयच यानंतर बदलली. सोबत एक उणीवही आली. गोठलेलं चित्र एकाच फील्डचं, म्हणजे निम्म्याच ओळींचं असे. दोन्ही फील्ड दाखवावीत तर वेगाने हलणारा चेंडू दोन जागी थरथरताना दिसे, कारण त्या दोन फील्डमध्ये सेकंदाच्या साठाव्या भागाचं अंतर असतं.

फिरत्या तबकडीची ही युक्ती दोनच वर्षांत चंद्रापर्यंत पोचली. अपोलो ११ च्या चांद्रयानावरचा कॅमेरा नेहमीच्या टीव्हीसारखा नव्हता. प्रसारणाला जागा कमी होती, म्हणून तो सेकंदाला फक्त १० फ्रेम आणि प्रत्येकीत ३२० ओळी पाठवायचा. घरोघरच्या टीव्ही संचांना हा संदेश कळलाच नसता. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर त्यासाठी रूपांतरक बसवले होते. एका खास मॉनिटरवर चंद्रावरून आलेली फ्रेम उमटायची, तिच्यावर रोखलेला दुसरा टीव्ही कॅमेरा ती टिपायचा आणि मग एका चुंबकीय तबकडीवरून ती पुन्हा पुन्हा वाजवून सेकंदाची साठ फील्ड भरून काढली जायची. नील आर्मस्ट्राँग शिडीवरून उतरताना जगभरच्या लोकांनी जे थेट चलच्चित्र म्हणून पाहिलं, ते तबकडीवर क्षणभर थांबवून पुनःपुन्हा दाखवलेल्या स्थिर फ्रेमचं होतं.

या रूपांतरात चित्राचा बराच कस गेला. केंद्रावरच्या तंत्रज्ञांनी मूळ मॉनिटरसमोर कॅमेरा धरून काढलेले पोलरॉइड फोटो पुढे उजेडात आले, तेव्हा ते प्रक्षेपित चित्रांहून कितीतरी स्पष्ट असल्याचं दिसलं. मग मूळ टेपचा शोध सुरू झाला. नासाने २००९ साली जाहीर केलं की त्या टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. जगभरच्या प्रक्षेपणांच्या चांगल्यातल्या चांगल्या प्रती गोळा करून ते चित्रण नव्याने उजळावं लागलं.

तबकडीला फिरावं लागतं, फिरणारी वस्तू झिजते आणि बिघडते. खरी गरज होती हलणारा एकही भाग नसलेल्या साठवणीची. ती सत्तरीच्या दशकात अर्धवाहकांच्या चिपमधून आली. हिशेब मात्र धडकी भरवणारा होता. ६२५ ओळींच्या चित्राचे दिसणारे बिंदू ७२० गुणिले ५७६ धरले आणि प्रत्येकाला ८ बिट दिले, तर नुसत्या काळ्या-पांढऱ्या फ्रेमचे ३३ लाखांहून जास्त बिट होतात. त्या काळातली नवी कोरी चिप ४,०९६ बिटांची. म्हणजे एका फ्रेमला आठशेच्या वर चिप, आणि रंग हवा असेल तर आणखी.

इंग्लंडमधल्या न्यूबरी इथल्या क्वांटेल या कंपनीने हे धाडस केलं. डीएफएस ३००० हे त्यांचं यंत्र सत्तरीच्या मध्यावर आलं. कपाटाएवढ्या जागेतली महागडी वस्तू, पण तिच्यात टीव्हीची एक अख्खी फ्रेम आकड्यांच्या रूपात मावत होती. आकडे झाले की चित्र थांबवता येतं, लहान करता येतं, कोपऱ्यात सरकवता येतं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात मुख्य दृश्याच्या आत ऑलिंपिक ज्योतीचं छोटं चित्र दिसलं, ते याच यंत्राचं काम. वृत्तनिवेदकाच्या खांद्यामागे दिसणारा चौकोनी फोटो ही पुढे सगळ्या वाहिन्यांची सवय झाली, तिची मुळंही अशा फ्रेम-साठवणीत आहेत. रुग्णालयांत सोनोग्राफीच्या यंत्रांना चित्र गोठवण्याचं बटण आलं, त्यामागेही हीच स्मृती होती. डॉक्टर हलतं चित्र थांबवून त्यावर मापं घेऊ लागले आणि शेजारचा छोटा प्रिंटर औष्णिक कागदावर ती फ्रेम छापून देऊ लागला.

इथवर थांबलेली फ्रेम हे हलत्या चित्राचं उपउत्पादन होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये सोनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांनी उलटा डाव मांडला. त्यांनी पत्रकारांना मॅव्हिका नावाचा कॅमेरा दाखवला. त्यात फिल्म नव्हती. सीसीडी या प्रकाशसंवेदी चिपवर पडलेली प्रतिमा टीव्हीच्या संदेशात बदलून सुमारे दोन इंचांच्या चुंबकीय चकतीवर लिहिली जायची, एका चकतीवर ५० चित्रं. चकतीचे फेरे मिनिटाला ३,६००, म्हणजे सेकंदाला ६०. एचएस-१०० ची फिरती तबकडी आता तळहातावर मावेल एवढी झाली होती आणि तिची पिन प्रत्येक चित्रासाठी मुद्दाम नव्या खाचेत ठेवली जात होती. फोटो पाहायचे ते घरच्या टीव्हीवर.

फोटो-उद्योगाला तेव्हा हादरा बसला. आज काहीजण मॅव्हिकाला पहिला डिजिटल कॅमेरा म्हणतात, पण त्यात डिजिटल काही नव्हतं. तो एका वेळी एकच फ्रेम टिपणारा व्हिडिओ कॅमेरा होता. या प्रकाराला स्टिल व्हिडिओ हे नाव पडलं, जपानी कंपन्यांनी चकतीचं सामायिक माप ठरवलं आणि पुढची दहा वर्षं ही एक वेगळी शाखा फोफावली.

तिची पहिली मोठी परीक्षा १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये झाली. कॅननने योमिउरी शिंबुन या जपानी दैनिकासाठी प्रायोगिक कॅमेरे आणि प्रेषक दिले. मैदानावर टिपलेलं चित्र फोनच्या तारेवरून अर्ध्या तासाच्या आत जपानमध्ये पोचायचं. फिल्म धुवा, वाळवा, प्रिंट काढा, मग ती यंत्रावर गुंडाळून पाठवा, या सगळ्या पायऱ्या गळून पडल्या. १९८६ मध्ये कॅननने आरसी-७०१ विक्रीला आणला, १९८८ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ४९९ डॉलरचा झॅपशॉट. सोनीने व्यावसायिकांसाठी प्रो-मॅव्हिका काढला.

कागदावर छापल्यावर मात्र ही चित्रं उघडी पडायची. टीव्हीच्या ओळी म्हणजे टीव्हीच्या ओळीच, ३५ मिलिमीटर फिल्मचं बारीक काम त्यांत येणार कुठून? दैनिकांच्या जाड्याभरड्या छपाईत ते एक वेळ खपत असे, मासिकात नाही. घरगुती ग्राहकाला तर आपले फोटो टीव्हीवर पाहण्यापलीकडे त्यांचं काय करायचं हेच कळेना. संगणकात घ्यायचे म्हटलं तर वेगळं महागडं कार्ड लागायचं. १९९१ मध्ये कोडॅकने १३ लाख बिंदूंचा, थेट आकड्यांत साठवणारा डीसीएस कॅमेरा आणला आणि स्टिल व्हिडिओची वाट तिथेच खुंटली. पण वेळ हीच सगळ्यात मोठी किंमत असे तिथे ही यंत्रं सोन्यासारखी होती. बीजिंगमधलं ते सोनीचं यंत्र याच घराण्यातलं.

तोपर्यंत चित्र थांबवण्याची चैन सामान्य घरांतही शिरली होती. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावागावांत व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरते भाड्याने आणून लागोपाठ तीन-चार सिनेमे पाहायची पद्धत होती. व्हीसीआरमध्ये एक फील्ड टेपवरच्या एका तिरक्या रेघेत बसे, त्यामुळे जुन्या अँपेक्सला जे जमलं नव्हतं ते याला सहज जमायचं. पॉझ दाबला की टेप थांबायची, पण हेडचा ढोल फिरत राहायचा आणि तीच रेघ पुन्हा वाचायचा. मात्र थांबलेल्या टेपवर हेडचा मार्ग किंचित हुकत असल्याने पडद्यावर खरखरीचा एक आडवा पट्टा थरथरत राही. फार वेळ तसंच ठेवलं तर टेप एकाच जागी घासली जाऊ नये म्हणून यंत्र आपणहून बंद पडे.

संगणकवाल्यांनाही हे चित्र आपल्या पडद्यावर हवं होतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी टिम जेनिसन याने न्यूटेक ही कंपनी काढली आणि १९८६ मध्ये अमिगा संगणकासाठी डिजि-व्ह्यू हे उपकरण आणलं. किंमत सामान्य हौशी माणसाला झेपेल अशी. अट एकच होती, समोरची वस्तू हलता कामा नये. काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यासमोर लाल, हिरवी आणि निळी काच आळीपाळीने धरून तीनदा चित्र घ्यायचं आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबायचं. फळं, फुलदाण्या, पुतळे यांची चित्रं त्यामुळे झकास येत, माणसांची जेमतेम.

दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या प्ले या कंपनीने स्नॅपी बाजारात आणली. प्रिंटरच्या जागेत खोचायची छोटी डबी, आत नऊ व्होल्टची बॅटरी, एका बाजूला कॅमकॉर्डरची वायर. टेप चालू करायची, हवा तो क्षण आला की माउस दाबायचा. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास. डिजिटल कॅमेरे तेव्हा महाग आणि अशक्त होते. त्यामुळे मुलाच्या वाढदिवसाच्या व्हिडिओतून निघालेला फोटो नातेवाइकांना ई-मेलने पाठवायचा तर हीच वाट सर्वांत सोपी होती. क्वांटेलच्या कपाटाचं काम वीस वर्षांत तळहाताएवढ्या डबीत आलं. मग डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, कॅमकॉर्डरही डिजिटल झाले आणि व्हिडिओतून फ्रेम उचलणं हे वेगळ्या यंत्राचं काम राहिलंच नाही.

धरून ठेवण्याचा प्रश्न असा सुटला. पण ज्यांना त्या थांबलेल्या फ्रेमवर निवाडा द्यायचा होता, त्यांच्यापुढे एक दुसरा प्रश्न उभा होता.

१४ नोव्हेंबर १९९२, डर्बन. वर्णभेदामुळे जगापासून तुटलेल्या दक्षिण आफ्रिकेत भारताचा संघ पहिल्यांदाच कसोटी खेळत होता, आणि धावबादचे निर्णय टीव्हीवर पाहून देणारा तिसरा पंच ही सोयही कसोटीत पहिल्यांदाच वापरली जात होती. एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर ११ धावांवर होता. चेंडू पॉइंटकडे गेला, सचिन धावेसाठी निघाला आणि माघारी फिरला, तोवर जाँटी ऱ्होड्सचा थ्रो अँड्र्यू हडसनच्या हातात पडून बेल्स उडाल्या होत्या. पंच सिरिल मिचली यांनी स्वतः निर्णय न देता टीव्हीकडे बोट दाखवलं. कार्ल लिबेनबर्ग यांनी रिप्ले पाहिला आणि दिवा लावला, हिरवा. त्या मालिकेत हिरवा म्हणजे बाद. टीव्हीच्या थांबलेल्या फ्रेमवरून बाद ठरलेला कसोटीतला पहिला फलंदाज मुंबईचा निघाला.

सचिन स्पष्ट बाहेर होता, त्यामुळे त्या दिवशी वाद झाला नाही. वाद पुढे होणार होते, आणि त्यांचं मूळ साध्या गणितात होतं. जिवाच्या आकांताने क्रीजकडे धावणारा फलंदाज सेकंदाला सहा-सात मीटर अंतर कापतो. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास पुढे सरकलेला असतो. फील्ड वेगवेगळी पाहिली तरी बारा-तेरा सेंटिमीटर. एका फ्रेममध्ये बॅट रेषेच्या बाहेर आणि बेल्स जागेवर, पुढच्या फ्रेममध्ये बॅट आत आणि बेल्स उडालेल्या. मधल्या सेकंदाच्या पंचविसाव्या भागात काय घडलं, ते कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं. पंच कितीही वेळा मागे-पुढे करो, त्या दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अस्तित्वातच नसते. अशा वेळी संशयाचा फायदा फलंदाजाला, हा जुनाच नियम कामी यायचा.

उपाय म्हणून कॅमेऱ्यांचा वेग वाढवला गेला. एबीसी आणि सोनी यांनी १९८४ च्या ऑलिंपिकमध्येच नेहमीच्या तिप्पट वेगाने फ्रेम घेणारे कॅमेरे आणले होते. पुढे तसे आणि त्याहून वेगवान कॅमेरे क्रिकेटच्या मैदानावर क्रीजच्या रेषेत बसू लागले. दोन फ्रेममधलं अंतर आक्रसलं, पण बेल नेमकी कधी सुटली ही तक्रार राहिली. चेंडूचा धक्का लागताच बेल खाचेतून उचलली जाते, तेव्हाची पहिली हालचाल फारच बारीक असते. हातमोज्याआड, क्षेत्ररक्षकाच्या पाठीआड ती दिसतही नाही.

म्हणून शेवटी कॅमेऱ्याला सोडून स्टंपांनाच हात घातला गेला. ऑस्ट्रेलियातल्या ब्राँटे एकरमन याने आत सूक्ष्म संगणक आणि दिवे असलेल्या बेल्स तयार केल्या. बेलची दोन्ही टोकं खाचेतून सुटली की सेकंदाच्या हजाराव्या भागात ती लाल पेटते आणि स्टंपही उजळतात. ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये त्या आधी दिसल्या आणि २०१४ मध्ये बांगलादेशात झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आयसीसीने त्या वापरल्या. आयसीसीच्या खेळाच्या नियमावलीत आता त्यासाठी वेगळी तरतूद आहे. दिव्यांच्या बेल्स वापरल्या असतील तर यष्टी मोडल्याचा क्षण कोणता, याचं उत्तर तिथे फ्रेममध्येच दिलेलं आहे: ज्या पहिल्या फ्रेममध्ये दिवे पेटलेले दिसतील आणि पुढच्या फ्रेममध्ये बेल कायमची खाली आलेली दिसेल, ती फ्रेम.